फतेगंजचा रिकामा थांबा

१

वैशाखातल्या त्या मंगळवारी भर दुपारी कोमल फतेगंजच्या चौकात चक्कर येऊन पडली, आणि दिवे लागायच्या आत सहवास सोसायटीने निकाल देऊन टाकला की अपराधी बसचा ड्रायव्हर. बडोद्याच्या उन्हात माणूस पडणं यात नवल नाही. पण ही पोर थांब्यावर बसची वाट बघत होती, बस आली, न थांबता निघून गेली, म्हणून ती डेपोच्या दिशेने पायी निघाली आणि चौकातच कोसळली, असं ऐकल्यावर कुणाचंही डोकं तापणारच. आमच्याकडे डोकी तापायला तसंही ऊन पुरतं.

कोमल ही सुहासिनीबाई चिटणिसांच्या घरची स्वयंपाकीण. करजणच्या पुढे तिचं गाव. घरी सासू आणि भक्ती नावाची शाळकरी मुलगी. पूर्वी ती गावाहून एसटीने डेपोवर यायची, तिथून शहराची दुसरी बस, आणि परतताना तीच यातायात उलट्या बाजूने. मुलगी झोपल्यावर आई घरी पोचायची. मग सरकारला जाग आली. शहराच्या आणि जिल्ह्याच्या बसगाड्यांची नव्याने घडी बसवायला एक समिती नेमली गेली आणि समितीने प्रयोग म्हणून करजणकडच्या गावांतून थेट फतेगंजच्या सरकारी दवाखान्यापर्यंत एकच बस सोडली. नवी कोरी विजेवरची बस. सकाळी यायची, माणसं उतरवून डेपोत जायची आणि दुपारी फतेगंजवरून परत गावाकडे. कामाला येणाऱ्या बाया, दवाखान्यात येणारे म्हातारेकोतारे, सगळे खूष. कोमल तर देवाला नारळ फोडून आली होती.

त्या संध्याकाळी सुहासिनीबाईंचा भाचा अमोघ तोंड पाडून घरी आला. तो त्याच समितीच्या कार्यालयात अधिकारी. त्याने मावशीला सगळं सांगितलं. परतीची बस गेला महिना-दीड महिना फतेगंजहून जवळजवळ रिकामी जाते. समितीतली काही मंडळी आधीपासून म्हणतच होती की माणसं नाहीत तर बस कशाला. त्यात आता कोमलचं हे प्रकरण. शुक्रवारी बैठक होती. त्यात बस बंद करायची आणि ड्रायव्हर रणवीर पढियारला घरी पाठवायचं, हे जवळपास ठरलेलं होतं.

"प्रवासी म्हणतात बस थांबत नाही. रणवीर म्हणतो थांब्यावर कुणी उभंच नसतं. कुणीतरी खोटं बोलतंय, मावशी. कोण ते तू शोधून दे."

त्याने मावशीलाच का विचारावं? तर सुहासिनीबाईंनी मराठी शाळेत उभा जन्म भूगोल शिकवला होता आणि फळ्याकडे तोंड असताना शेवटच्या बाकावर कोण चिंच खातंय ते त्यांना कळायचं. नात्यात कुणाच्या लग्नात चांदीची वाटी हरवली की आधी पोलीस आठवत नसत, सुहासिनीबाई आठवत. त्यांनाही या गोष्टीचा थोडा गर्व होता. थोडा म्हणजे बराच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यात गेल्या. कोमलच्या हाताला सलाइन लावलेलं, ओठ सुकलेले. बाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि त्या मेल्या ड्रायव्हरला मी सोडणार नाही, असं तिला सांगितलं.

कोमलने डोळे उघडले. "ड्रायव्हरनो वांक नथी, बेन," ती म्हणाली. ड्रायव्हरचा दोष नाही.

मग कुणाचा, असं विचारल्यावर तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

२

आता जी बाई बस चुकल्यामुळे मरता मरता वाचली, ती ड्रायव्हरची बाजू का घेईल? सुहासिनीबाईंच्या मनात पहिला विचार आला तो सांगायला बरा नाही, पण आला. रणवीर तरुण होता, दिसायला चांगला होता. बाईंनी तो विचार डोक्यात घोळवत डेपो गाठला.

रणवीर त्यांच्यासमोर हात जोडूनच उभा राहिला. त्याची नोकरी कंत्राटाची, एक तक्रार पुरे. तो शपथेवर सांगत होता की थांब्याचा खांब आला की तो गाडी हळू करतो, बघतो, कुणी नसलं की पुढे जातो. वेळापत्रक डोक्यावर बसलेलं असतं. कुणी एकटंदुकटं खांबाशी दिसलं तर थांबतोच. बाई त्याच्या डोळ्यांत रोखून बघत होत्या. पोरगा घाबरलेला होता, पण लपवत नव्हता. कोमलचं नाव काढल्यावर त्याने आठवायचा प्रयत्न केला आणि लाल ओढणीवाली का, असं विचारलं. नावसुद्धा त्याला नीट ठाऊक नव्हतं. बाईंना स्वतःच्या मघाच्या विचाराची लाज वाटली. या प्रकरणातली ती त्यांची पहिली लाज, आणि सगळ्यांत स्वस्त.

निघताना रणवीर एक गोष्ट बोलला. मध्ये दोन दिवस असे गेले की थांबा माणसांनी भरलेला होता, गाडीत उभं राहायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी परत शुकशुकाट. ते दिवस कुठले, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, अखात्रीज झाली त्याच्या लगेच नंतरचे.

अक्षय्यतृतीयेनंतर दोन दिवस बाई बडोद्यात नव्हत्या. कोयलीला त्यांची मुलगी ऋचा राहते, जावई रिफायनरीत आहे, त्यांच्या बाळाचं बारसं होतं. बाई होत्या, त्यांचा थोरला भाऊ सुभाष होता, सगळं घर गेलं होतं. म्हणजे नेमकं त्या दिवसांत इथे काय वेगळं घडलं, ते बघायला त्या नव्हत्याच. बाईंना चुटपुट लागली.

मग त्यांनी थांब्यावरच्या संशयितांकडे मोर्चा वळवला. संशयित दोन. पहिले रजनीभाई, चौकातून डेपोपर्यंत शटल रिक्षा चालवणारे. बस चुकली की माणसं त्यांच्याकडे येणार, तेव्हा बस चुकण्यात त्यांचा फायदा उघड होता. दुसरी वैष्णवी, खांबाला लागूनच जिची सेव-उसळची गाडी आहे. बसवाल्यांची गर्दी माझं गिऱ्हाईक अडवते म्हणून ती पूर्वी तणतण करायची, हे सगळ्या सोसायटीने ऐकलेलं.

रजनीभाईंना बाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की मंगळवारी कोमलला उचलून दवाखान्यात कोणी नेलं, ते आधी विचारून या. त्यांनीच नेलं होतं. गल्लीतून बाया धावत येतात, तेव्हा बस गेलेली असते, त्यात माझा काय गुन्हा, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी मनात दुसरी लाज जमा केली.

वैष्णवी कांदा चिरत होती. ती बडोद्याचीच, मराठी, पण तिची मराठी ऐकून पुण्याचा माणूस घाबरेल. तिचं रडगाणं बाईंना अपेक्षित होतं त्याच्या बरोबर उलट निघालं.

"गर्दीचा कंटाळा होता, पण गर्दी धंदा पण द्यायची ने," ती म्हणाली. "आता माझ्यासमोर कोणी उभंच राहत नाही. मधे फक्त दोन दिवस राहिली होती. पाणी मागायला आली होती सगळी."

"पाणी? तुझ्याकडे?"

"हा. ते दोन दिवस तुमची परब बंद होती ने, बाई."

३

परब म्हणजे पाणपोई. बडोद्यात घरातलं माणूस गेलं की पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या नावाने परब घालतात, ही इथली जुनी चाल. सुहासिनीबाईंचे यजमान आनंदराव गेल्या पावसाळ्यात वारले. पाडव्याला बाईंनी त्यांच्या नावाची परब सुरू केली होती. दोन मोठे माठ, ओलं फडकं, स्टीलचे पेले, आणि माणसाने घटकाभर टेकावं म्हणून एक लांब बाकडं. पाण्यात रोज वाळ्याची जुडी. जागा सुभाषदादाने शोधून दिली होती, सोसायटीच्या बाजूच्या गल्लीत, कडुनिंबाखाली. माठ भरायलाही तोच मदत करायचा, कंबरेचं दुखणं असूनसुद्धा. गल्लीत बसलेली माणसं ओंजळीने पाणी पितात ते बघून बाईंना वाटायचं, आनंदरावांनाच पोचतंय.

गुरुवारी दुपारी बाई स्वतः जाऊन त्या बाकड्यावर बसल्या. हातात छत्री, डोक्याला पदर. थोड्याच वेळात करजणकडच्या बाया येऊ लागल्या. दवाखान्याची फाइल छातीशी धरलेला एक म्हातारा आला. सगळे पाणी प्यायले आणि सावली धरून बसले. बाईंना ओळखल्यावर दोघी-तिघी उभ्या राहू लागल्या, तेव्हा बाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं.

बाकड्यावरून मुख्य रस्ता दिसत नव्हता. मध्ये सोसायटीची कंपाउंडची भिंत आडवी येत होती. थांबा त्या भिंतीच्या पलीकडे, वळणाच्या बाहेर, रणरणत्या उन्हात. पण त्यात काय, असं बाईंना वाटलं. बस आली की आवाज येईलच. एसटी येते तेव्हा चार घरं आधी खिडक्या थरथरतात. गावाकडची माणसं बस बघत नाहीत, ऐकतात. आवाज आला की उठतात, पिशव्या उचलतात आणि निघतात. या बायाही कान देऊनच बसल्या होत्या.

बस यायची वेळ झाली. रस्त्यावरून स्कूटरी गेल्या, एक टेम्पो गेला. बाया बसून राहिल्या. बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या उठल्या आणि भिंतीच्या टोकापर्यंत गेल्या. करजणची बस खांबाच्या पुढे निघून गेलेली होती. तिची पाठ चौकात वळताना दिसली. विजेवरची ती बस एवढं धूड असून मांजराच्या पावलांनी आली आणि गेली होती.

बाई तिथेच उन्हात उभ्या राहिल्या. दोघंही खरं बोलत होते. बाया बसच्या वाटेकडे कान लावून बसल्या होत्या आणि रणवीरला थांबा रिकामा दिसत होता. कोयलीच्या बारशाचे दोन दिवस माठ कोरडे होते म्हणून बाया पाण्यासाठी वैष्णवीच्या गाडीशी गेल्या, म्हणजे आपसूक खांबापाशी उभ्या राहिल्या, आणि म्हणून त्यांना बस मिळाली. बाई बडोद्यात नव्हत्या तेवढे दिवस सगळं सुरळीत चाललं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. सगळ्या बडोद्याला जाब विचारून झाल्यावर गुन्हेगार सापडला तो स्वतःच्याच नवऱ्याच्या नावाची परब.

ही त्यांची तिसरी लाज. पण खरं सांगायचं तर थोडा दिलासाही वाटला. चूक होती, नकळत झाली होती. माठ उचलून खांबाशी नेले की झालं. शुक्रवारी समितीसमोर मान खाली घालून सांगायचं, रणवीरची नोकरी राहील, बस राहील.

त्या परत गल्लीत आल्या आणि बस गेल्याचं सगळ्यांना सांगितलं. फाइलवाला म्हातारा कपाळावर हात मारून खाली बसला. एक बाई पुटपुटली की आजही वाजवला नाही त्याने.

काय वाजवला नाही, असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, हॉर्न. बस वळणाशी आली की हॉर्न वाजवणार, तोपर्यंत सावलीत बसा, असं ठरलेलं होतं ना. बस चुकली की उद्यापासून नक्की वाजवेल असं सांगितलं जायचं, आणि मागे एकीने बाहेर उभं राहून बघितलं तर तिला पण परत आत बसवलं होतं, ऊन लागेल म्हणून.

"कुणी बसवलं?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. जी बोलत होती तिने ओढणी नीट केली आणि सगळेच म्हणत होते, असं सांगून पिशवी उचलली. बाकीच्याही भराभर उठल्या. बाईंच्या नजरेला नजर द्यायला एकही तयार नव्हती.

४

त्याच संध्याकाळी बाई परत डेपोत गेल्या. अमोघ बरोबर होता. गाडीत त्याला परबेची गोष्ट सांगितली, तेव्हा तो इतका हलका झाला की हसायलाच लागला. आता शुक्रवारची काळजी नाही, म्हणाला.

रणवीर गाडी धुऊन झाल्यावर पायरीवर बसला होता. बाईंनी त्याला एकच गोष्ट विचारली, वळणाशी तू हॉर्न का वाजवत नाहीस?

रणवीर गोंधळला. समितीच्या साहेबांनीच मनाई केली होती, तो म्हणाला. परब सुरू झाली त्याच आठवड्यात एक साहेब सकाळी थांब्यावर गाडीत चढले होते. चांगले इस्त्रीचे कपडे, चष्मा. समोर दवाखाना आहे, इथे हॉर्न अजिबात वाजवायचा नाही, तक्रार झाली तर नोकरी जाईल, असं त्यांनी बजावलं. त्या दिवसापासून तो हॉर्नला हात लावत नव्हता.

अमोघने मान हलवली. समितीच्या कामाने कुणीही फतेगंजला गेलेलं नव्हतं, त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने रणवीरला जरा दटावूनच विचारलं की त्यांनी ओळखपत्र दाखवलं होतं का, नाव सांगितलं होतं का.

नाव नाही सांगितलं, रणवीर म्हणाला. पण माणूस वाईट नव्हता. ओरडला नाही, उलट जाताना प्रेमाने बोलला.

"शुं बोल्या?" बाईंनी विचारलं.

"कह्युं, तरस लागे तो गलीमां आवी जजो. मारा बनेवीना नामनी परब छे."

तहान लागली तर गल्लीत ये. माझ्या मेहुण्याच्या नावची परब आहे.

रणवीरला बिचाऱ्याला समोरची म्हातारी कोण हे माहीतच नव्हतं. अमोघचं हसू कधीच मावळलं होतं. त्या परबेवर ज्यांचं नाव, त्यांना मेहुणा म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि तो अमोघचा मामा लागत होता.

बाईंनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. परबेची जागा चुकली तर ती चूक. बायांना सावलीत बसा म्हणणं ही माया. दवाखान्याजवळ हॉर्न नको म्हणणं हा कायदा. एकेक गोष्ट सुटी घेतली तर कुणी बोट ठेवू शकलं नसतं. पण बस हॉर्न वाजवेल असं बायांना सांगणारा आणि हॉर्न वाजवू नकोस असं ड्रायव्हरला धमकावणारा माणूस जर एकच असेल, तर त्याला चूक म्हणत नाहीत.

आणि बाया नजर का चुकवत होत्या तेही आता कळलं. बेनच्या सख्ख्या भावाचं नाव बेनच्याच तोंडावर कोण घेणार होतं.

५

सुभाषदादा वीज मंडळातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, सोसायटीचा चेअरमन. बाईंचे वडील लवकर गेले, तेव्हा बहिणींची लग्नं त्याने केली. आनंदरावांच्या आजारपणात दवाखान्याच्या पायऱ्या तो चढला. वाईट माणूस दिसायला वाईट असता तर जग किती सोपं झालं असतं.

तो गॅलरीत वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसला होता. बाईंनी खुर्ची ओढली आणि चहा नको म्हणाल्या.

"दादा, बायांना हॉर्न वाजेल असं तू सांगितलंस?"

"सांगितलं असेल."

"आणि त्या ड्रायव्हरला, हॉर्न वाजवू नकोस म्हणून?"

सुभाषदादाने पेन बंद करून खिशाला लावलं. मग म्हणाला की त्याने काहीही बेकायदा केलेलं नाही. कुणाला हाकललं नाही, कुणाला अपशब्द बोलला नाही. थांबा हलवा म्हणून रीतसर अर्ज केला होता, तो कुणी वाचलासुद्धा नाही. मग काय करायचं? रोज भिंतीला टेकलेली माणसं, पिचकाऱ्या, गेटसमोर उघडलेले डबे, आपल्या पायऱ्यांवर पसरलेली पोरं. ही सोसायटी आपण कशी उभी केली, ते ही आजकालची समिती काय जाणे. थांबा रिकामा दिसला तर बस आपोआप दुसरीकडे जाईल, एवढाच त्याचा हेतू होता.

"पाणी पाजलं मी त्यांना, सुहास. सावली दिली. यात काय वाईट केलं?"

"आनंदच्या नावाने केलंस."

मग त्याचा आवाज उतरला. "ती पोर अशी पडेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मंगळवारपासून मला घास जात नाही. पण हे मी कुणाला सांगू?"

बाईंना त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा संताप आला. त्यांनी विचारलं की एकट्याने ठरवलंस की सोसायटीत अजून कुणाला ठाऊक आहे. तेव्हा सुभाषदादाने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"होळीनंतरची मीटिंग आठवते? सगळे हेच म्हणत होते की काहीतरी करा. तूही होतीस. तू एक शब्द तरी बोललीस का?"

बाईंना मीटिंग आठवली. त्या बोलल्या नव्हत्या. खरं म्हणजे तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं. भिंतीला टेकलेली माणसं त्यांनाही खटकत होती, पायऱ्यांवरची शेंगांची टरफलं त्यांनाही खटकत होती, आणि आपण वाईट न होता दुसरं कुणी बोलतंय, तर बोलू दे, असा तो सोयीचा गप्पपणा होता. कोमल तेव्हा त्यांच्या घरात पोळ्या लाटत होती.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावा कुणाचा आणि दुखणं कुणाचं. बाई उठल्या. दाराशी पोचल्या तेव्हा मागून त्याने विचारलं, "उद्या काय सांगणार आहेस?"

त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

६

शुक्रवारी सभागृहात जाण्याआधी अमोघने मावशीला बाजूला घेतलं. त्याचे डोळे रात्रभर जागल्यासारखे दिसत होते. परबेची जागा चुकली एवढंच सांगू, असं तो म्हणाला. बस वाचते, रणवीर वाचतो. मामाचं नाव घेऊन कुणाचं भलं होणार आहे? बाईंना ते पटलं. अगदी मनापासून पटलं, आणि तेवढंच सांगायचं ठरवून त्या आत गेल्या. शेवटच्या रांगेत सुभाषदादा येऊन बसलेला होता.

समितीच्या अध्यक्ष श्रद्धाबेन नावाच्या अधिकारी बाई होत्या. बाईंनी उभं राहून परब, भिंत आणि बिनआवाजाची बस हे सगळं वर्गात शिकवावं तसं सांगितलं. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग हशा पिकला. सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं. श्रद्धाबेननी हसून सांगितलं की बस चालू राहील, थांब्यावर शेड बांधू, ड्रायव्हरवरची तक्रार रद्द. मागे उभ्या असलेल्या रणवीरने तोंडावर रुमाल धरला. मग श्रद्धाबेन म्हणाल्या की चिटणीस कुटुंबाने भर उन्हाळ्यात परब चालवली, नागरिकांचा असा सहभाग असेल तर या शहराला कशाची कमी आहे, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागे अख्खं सभागृह टाळ्या वाजवू लागलं.

बाई बसू शकल्या असत्या. अमोघ तर त्यांना बसायलाच खुणावत होता. पण त्या टाळ्या आनंदरावांच्या नावाला मिळत होत्या, आणि तिकडे कोमलच्या हाताला अजून सुई होती.

"टाळ्या थांबवा," त्या म्हणाल्या. "हे नकळत झालेलं नाही. बायांना बस दिसू नये म्हणून ती जागा निवडली होती. निवडणारा माझा सख्खा भाऊ आहे. आणि ज्या मीटिंगमध्ये ही गर्दी नको असं ठरलं, त्या मीटिंगमध्ये मी गप्प बसले होते."

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुभाषदादा उभा राहिला होता. ती म्हणते ते खरं आहे, एवढं तो बोलला आणि हात पुढे बांधून शिक्षा झालेल्या मुलासारखा उभाच राहिला. त्याला बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

त्या दिवशी दुपारी बाई एकट्याच दवाखान्यात गेल्या. कोमल उठून बसली होती, सुई काढली होती. बस चालू राहणार हे ऐकून तिचा चेहरा फुलला. भक्तीला सांगते, म्हणाली. मग बाईंनी तिला बाकीचंही सांगितलं, दादाचं नाव घेऊन, काही न लपवता. ऐकताना कोमलला जराही आश्चर्य वाटलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

तिने मान डोलावली. सुभाषकाकांनी सकाळी ड्रायव्हरला हॉर्नची मनाई केली तेव्हा ती त्याच गाडीत बसलेली होती. दुपारी त्याच काकांनी हॉर्न वाजेल असं बायांना सांगितलं, तेव्हा ती तिथे पाणी पीत होती. तिला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. बाहेर उभं राहून बघणारी आणि परत आत बसवली गेलेली तीच.

"मग मला का नाही सांगितलंस, कोमल? रोज माझ्याच घरी येत होतीस ना?"

कोमल चादरीच्या टोकाशी चाळा करत राहिली. सांगावं की नाही याचा ती विचार करत होती, आणि बाईंना वाईट वाटू नये अशी काळजी तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"काय सांगणार, बेन," ती शेवटी म्हणाली. "परब तुमची, भाऊ तुमचा. मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल त्यांना."

बाईंनी विचारलं, "असं वाटत होतं, तरी माझ्याकडे येत राहिलीस?"

"बीजे घेर शुं जुदुं होय?" कोमल म्हणाली. दुसऱ्या घरी काय वेगळं असतं.

ती हे रागाने बोलली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली, भाजीत मीठ किती ते विचारावं तसं. मग तिने सरकून पलंगावर बाईंना बसायला जागा करून दिली, आणि सुहासिनीबाई तिच्याकडे न बघता तिथे बसल्या.